विजेच्या पडद्यांतून खनिजे

पद्धत : इलेक्ट्रोडायलिसिस. धन आणि ऋण आयन निवडणारे पडदे आलटून-पालटून रचतात. डीसी वीज दिली की आयन पडद्यांतून सरकतात. एका कप्प्यात क्षार साठतात, शेजारच्यात पाणी गोडे होते.

आरओहून फरक : आरओमध्ये दाबाने पाणी पडद्यापार जाते, इथे विजेने आयन जातात.

समुद्राच्या 1 लिटर पाण्यात (सुमारे) :
- एकूण क्षार : 35 ग्रॅम
- सोडियम : 10.8 ग्रॅम
- मॅग्नेशियम : 1.3 ग्रॅम
- पोटॅशियम : 0.4 ग्रॅम
- ब्रोमीन : 65 मिलिग्रॅम
- लिथियम : 0.2 मिलिग्रॅमहून कमी

मीठ : गोव्यात पेडण्यातील आगरवाडा येथील मिठागरांत ऊन-वाऱ्यावर पिकते. जपानने 1970च्या दशकाच्या सुरुवातीला मिठागरे सोडून इलेक्ट्रोडायलिसिस स्वीकारले.

लिथियम : खास पडदे एकभारी लिथियम पुढे सोडतात, द्विभारी मॅग्नेशियम अडवतात.

म्हादई : ही नदी गोव्याच्या सत्तरी तालुक्यातून वाहते. नदीच्या गोड्या पाण्यात आयन अगदी कमी. म्हणून खनिजांच्या वसुलीसाठी खारे पाणी सोयीचे.

खाणपट्टा : गोव्यातील डिचोलीत लोहखनिजाच्या खाणी आहेत. पाण्यात लोह व मँगनीज असल्यास ते पडद्यांवर साचतात. ते आधी काढावे लागतात.

भारतात संशोधन : केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्था, भावनगर (स्थापना 1954).