मेणवलीच्या घाटावर आमची दहावी

१९९२ ला दहावी झालेले आम्ही वाईकर रविवारी मेणवलीला जमलो. नाना फडणवीसांच्या वाड्यामागचा हा घाट. १७३९ च्या वसई मोहिमेनंतर आलेली पोर्तुगीज घंटा इथेच आहे. 'स्वदेस'चं चित्रीकरणही इथलंच, त्यामुळे पुण्या-मुंबईहून आलेल्यांनी आधी फोटो काढून घेतले!

मग गप्पा. कुणाच्या मुलीचं लग्न ठरलंय, कुणाचे वडील नुकतेच गेले. पण सगळ्यात जास्त वेळ आम्ही ऐकलं ते गावातच राहून हळद करणाऱ्या मित्राचं. मे-जूनमध्ये लागण, नऊ महिन्यांनी काढणी. मग कंद शिजवायचे. त्याच्या वडिलांच्या वेळी मोठ्या काहिलीत, खाली पाचट पेटवून. आता वाफेचा बॉयलर येतो. पुढे दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवण, मग पॉलिश, मग माल सांगलीच्या बाजारात. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. त्यानं खिशातून वाळलेलं हळकुंड काढून मोडून दाखवलं. टणक, खट्‌कन आवाज, आत गडद केशरी. आमच्यातल्या निम्म्या जणांनी हे पहिल्यांदाच पाहिलं, आणि आम्ही सगळे वाईचेच!

एक मैत्रीण म्हणाली, "अरे, विश्वकोशाच्या कचेरीवरून रोज शाळेत जायचो, आत कधी गेलोच नाही." मराठी विश्वकोशाचं काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईतूनच उभं केलं, पहिला खंड १९७६ चा.

पुढची भेट फेब्रुवारीत, हळद काढणीच्या वेळी, त्याच्याच शेतावर. बॅचमधल्या ज्यांचा नंबर बदललाय त्यांनी लगेच कळवा रे!