नाताळआधी सांताची टोपी घालून लोक का धावतात? आणि भिवंडीत हे जमेल का?

डिसेंबर उजाडला की फोनवर एक ठरावीक रील फिरायला लागतं. लाल टोप्या घातलेले शेकडो लोक रस्त्यावरून धावतायत. कुणी सायकलच्या हँडलला फुगे बांधलेत, कुणी बाबागाडी ढकलत चाललंय. पहिला कोण आला हे कुणालाच माहीत नाही आणि कुणाला त्याचं पडलेलंही नाही.

हा नेमका काय प्रकार आहे? तो नाताळच्या आधीच का होतो? आणि दिवसरात्र कंटेनर धावणाऱ्या भिवंडीत अशी एक रविवार सकाळ शक्य आहे का? समजून घेऊ.

'फन रन' म्हणजे काय?

मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची असते. तिच्यासाठी महिनोन्महिने सराव लागतो, वेळ मोजली जाते, क्रमांक लागतात. फन रनमध्ये यातलं जवळपास काहीच नसतं. अंतर साधारण तीन ते सहा किलोमीटर. धावा, चाला, मध्येच थांबून फोटो काढा, सगळं चालतं.

आपल्याकडचं सगळ्यात ओळखीचं उदाहरण म्हणजे मुंबई मॅरेथॉनमधली 'ड्रीम रन'. ही मॅरेथॉन २००४ मध्ये सुरू झाली. तिच्यातली सुमारे सहा किलोमीटरची ड्रीम रन म्हणजे जत्राच असते. वेशभूषा केलेले, सामाजिक संदेशांचे फलक घेतलेले, व्हीलचेअरवरचे असे सगळे त्यात दिसतात.

नाताळशी याचा संबंध कसा जुळला?

ब्रिटनमधल्या लिव्हरपूल शहरात २००४ पासून 'सांता डॅश' होते. सुमारे पाच किलोमीटरच्या या धावण्यात हजारो लोक सांताचा पोशाख घालून उतरतात. गंमत म्हणजे तिथे लालसोबत निळे सांताही असतात. शहरात फुटबॉलचे दोन मोठे क्लब, एकाचा रंग लाल आणि दुसऱ्याचा निळा. एव्हर्टनचा चाहता लाल कपडे कशाला घालेल?

सायकलची गोष्ट मात्र याहून जुनी आहे. कोलंबियाची राजधानी बोगोटा इथे १५ डिसेंबर १९७४ ला, म्हणजे नाताळच्या दहा दिवस आधी, हजारो लोक सायकली घेऊन मुख्य रस्त्यांवर उतरले. मागणी साधी होती: शहर फक्त मोटारींचं नाही. त्यातूनच 'सिक्लोव्हिया' सुरू झाली. आजही तिथे दर रविवारी आणि सुटीच्या दिवशी सकाळी सात ते दुपारी दोन या वेळेत १०० किलोमीटरहून जास्त रस्ते मोटारींसाठी बंद असतात. डिसेंबरमध्ये नाताळची रोषणाई बघत फिरता यावं म्हणून रात्रीची सिक्लोव्हियाही होते.

आपल्या आसपास काय होतं?

पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासून होते आणि ती ओळखली जाते डिसेंबरच्या पहिल्या रविवारसाठी. भिवंडीकरांना त्याहून जवळची म्हणजे वसई-विरार महापौर मॅरेथॉन. २०११ मध्ये सुरू झालेली ही स्पर्धाही डिसेंबरमध्येच असते. तेव्हा वसईतल्या ख्रिस्ती वस्त्यांमध्ये नाताळची तयारी सुरू असते. भिवंडी रोड स्टेशन दिवा-वसई मार्गावरच आहे आणि अंजूरफाट्यावरून चिंचोटीमार्गे रस्ताही आहे. म्हणजे हे सगळं आपल्यापासून फार लांब नाही.

रस्ता लोकांसाठी मोकळा ठेवण्याचा प्रयोगही जवळच झालाय. २०१४ मध्ये वांद्रे-सांताक्रूझ भागात 'इक्वल स्ट्रीट्स' झालं. मार्च २०२२ पासून मुंबई पोलिसांनी 'संडे स्ट्रीट्स' उपक्रमात मरीन ड्राइव्हसह काही रस्ते रविवारी सकाळी वाहनांसाठी बंद ठेवले. मुलांनी तिथे सायकली चालवल्या, स्केटिंग केलं, भर रस्त्यात योगासनंही केली.

मग भिवंडीत अडचण काय?

पहिलं उत्तर सगळ्यांच्या तोंडी असतं: ट्रक. मुंबई-नाशिक महामार्गालगतची गोदामं, यंत्रमाग, अरुंद रस्ते, खड्डे आणि मेट्रोचं काम. गोदामांचा माल थांबवून शहर चालणार नाही, हे खरंच आहे.

पण दुसरी बाजूही बघा. २०११ च्या जनगणनेनुसार महापालिका क्षेत्राची लोकसंख्या सात लाखांच्या वर होती. यातल्या किती मुलांना सायकल शिकायला सुरक्षित रस्ता मिळतो? केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ लोकांचा जीव गेला. त्यात ३२ हजारांहून जास्त लोक पायी चालणारे होते. म्हणजे साधं चालणंही आपल्याकडे जोखमीचं आहे.

आणि रस्ता बंद करणं भिवंडीला नवीन नाही. गणेश विसर्जन असो, ईद-ए-मिलाद असो किंवा शिवजयंती, ठाणे पोलिसांची वाहतूक शाखा अधिसूचना काढते, अवजड वाहनं दुसरीकडे वळवते. मोटार वाहन कायद्यात तशी तरतूद आहे. एका रविवारी सकाळी दोन-तीन तासांसाठी हेच करता येईल. महामार्गाला किंवा कल्याण नाक्याला हात लावायचीही गरज नाही. वऱ्हाळदेवी तलावाच्या परिसरातला एखादा टप्पा सुरुवातीला पुरे.

इथे एकत्र धावण्याचा अर्थ वेगळा का आहे?

रस्त्यावरची गर्दी ही भिवंडीसाठी कायम आनंदाची गोष्ट नव्हती. १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीनंतर इथे दंगल उसळली. १९८४ मध्ये पुन्हा तेच झालं. दोन्ही वेळा मोठ्या संख्येने माणसं मेली.

नंतर पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांतली साधी माणसं पोलिसांसोबत नियमित बसायला लागली. भांडण छोटं असतानाच मिटवायचं, हे त्यामागचं सूत्र. डिसेंबर १९९२ मध्ये बाबरी मशीद पडल्यावर मुंबई पेटली. भिवंडी मात्र शांत राहिली. हा प्रयोग पुढे देशभर चर्चेत आला.

त्या समित्यांनी एक गोष्ट दाखवून दिली. माणसं एकमेकांना चेहऱ्याने ओळखत असतील, तर अफवेला जागा कमी उरते. फन रनने दंगली थांबतात असा दावा कुणी करणार नाही. पण कुणाचीच मिरवणूक नसलेली, घोषणा नसलेली, सगळ्या मोहल्ल्यांतली पोरं एकत्र सायकली हाणतायत अशी गर्दी या शहराला मिळायला काय हरकत आहे? नाताळच्या आधीचा रविवार त्यासाठी निमित्त म्हणून चांगला आहे.

तुम्ही उतरणार असाल तर

महागड्या बुटांची, गिअरच्या सायकलची गरज नाही. पायाला बसणारे बूट आणि ब्रेक नीट लागणारी सायकल पुरते. सायकलवर हेल्मेट घालाच. पोट भरून खाऊन धावू नका. हृदयविकार किंवा दम्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

अजून एक. हिवाळ्यात पहाटे थंड हवा जमिनीलगत साचते आणि धूळ-धूर तिच्यातच अडकून राहतो. त्यामुळे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' ॲपवर हवेचा निर्देशांक बघून मगच बाहेर पडा. हवा वाईट असेल तर ऊन वर आल्यावर निघा, किंवा धावण्याऐवजी चाला.

एका सकाळीने खड्डे बुजणार नाहीत आणि ट्रकही कमी होणार नाहीत. पण बोगोटातही सुरुवात एकाच दिवसाने झाली होती. ज्या रस्त्यावर मुलाने एकदा मनसोक्त सायकल चालवली, तिथला फूटपाथ कुठे गेला, हे विचारायला ते मूल आणि त्याचे आईवडील दुसऱ्या दिवशी मोकळे असतात.