रेडिओ उपकरणांसाठी विद्युतरोधक निवडताना

घरगुती 50 हर्ट्झच्या विजेला समर्थपणे रोखणारा पदार्थ रेडिओ प्रक्षेपकात मात्र तापून मऊ पडू शकतो. त्यातून वीज आरपार वाहत नाही, तरीही ऊर्जा त्याच्यातच जिरते. अँटेनाकडे जाणारी शक्ती अशी वाया जाऊ नये, यासाठी हौशी रेडिओचालकाने या पदार्थांचा स्वभाव जाणून घेणे आवश्यक आहे.

विद्युतक्षेत्राची दिशा पालटते, तेव्हा पदार्थातील ध्रुवीय रेणू तिच्यामागोमाग वळू पाहतात आणि मागे पडतात. या ओढाताणीतून उष्णता निर्माण होते. इतर बाबी समान असतील, तर ती वारंवारतेच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. 14 मेगाहर्ट्झवर क्षेत्र घरगुती विजेच्या 2 लाख 80 हजार पट वेगाने पालटते, हे ध्यानी घेतले म्हणजे प्रश्नाचे गांभीर्य उमगते.

पदार्थाचा हा दोष हानी गुणांकाने मोजतात. पॉलिथिलीन आणि टेफ्लॉन यांचा गुणांक सुमारे 0.0002, तर नायलॉन आणि सर्किट बोर्डाचे ग्लास-इपॉक्सी यांचा सुमारे 0.02 असतो, म्हणजे जवळपास शंभरपट. 1933 मध्ये इंग्लंडमध्ये योगायोगाने गवसलेले पॉलिथिलीन दुसऱ्या महायुद्धात रडारच्या केबलसाठी मोलाचे ठरले, ते या गुणामुळेच.

तथापि केवळ गुणांक पाहून भागत नाही. पॉलिथिलीन उष्णतेने लवकर मऊ होते. टेफ्लॉन उष्णता सोसते; परंतु घट्ट आवळलेल्या स्क्रूखाली हळूहळू दबत जाते. चिनी मातीसारखे सिरॅमिक उष्णतेला दाद देत नाही, मात्र आघाताने तडकते. नायलॉन पाणी शोषते, त्यामुळे गोवा-कोकणच्या पावसाळ्यात ते अधिकच बिघडते. समुद्राकाठी पृष्ठभागावर साचणारे क्षारही वीज गळू देतात; म्हणून गुळगुळीत, झिलई दिलेला आणि वेळोवेळी धुता येणारा रोधक श्रेयस्कर.

महागडा पदार्थ सर्वत्र वापरण्याचे कारण नाही. अँटेनाची टोके, कॉइलचे उच्च व्होल्टेजचे टोक आणि ट्यूनिंग कपॅसिटरचे आधार येथेच त्याची खरी गरज असते. कमी व्होल्टेजच्या जागी साधे प्लास्टिकही चालते. शक्य तेथे आधार मोजकेच ठेवून मध्ये मोकळी जागा सोडावी. कारण कोरडी हवा हाच सर्वांत कमी हानीचा आणि विनामूल्य विद्युतरोधक आहे.