विश्लेषण : मिशी उतरवून मामुट्टी ‘बाबासाहेब’ कसे झाले?

नाशिक : काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला २ मार्च १९३० रोजी. येवल्यातील धर्मांतराची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ची. त्यामुळे डॉ. बाबासाहेब आंबेडकर या जिल्ह्याला केवळ पाठ्यपुस्तकातून माहीत नाहीत. सत्याग्रहात उतरलेल्यांची नातवंडे-पतवंडे आजही इथे आहेत. अशा प्रेक्षकांपुढे बाबासाहेब म्हणून उभे राहणे सोपे नव्हते. जब्बार पटेल यांच्या ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ या चित्रपटात ते केले केरळच्या मामुट्टी यांनी.

मामुट्टीच का?

मराठी नट का नाही, हा प्रश्न साहजिक आहे. पण चेहरेपट्टी जुळत होती. अडचण मिशीची! मल्याळम सिनेमातल्या नायकाची ती ओळखच. ती काढायला मामुट्टी आधी तयार नव्हते, असे पटेल यांनीच सांगितले आहे. आणखी एक दुवा म्हणजे मामुट्टी स्वतः कायद्याचे पदवीधर. युक्तिवाद करणारा माणूस त्यांना नवा नव्हता.

अभिनयात वेगळे काय?

१९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेलेला बाविशीतला तरुण ते १९५६चे थकलेले, आजारी बाबासाहेब. हा प्रवास दाखवताना मामुट्टी तेव्हा चाळिशीच्या उत्तरार्धात होते. रंगभूषेने वय वाढते, पण चाल जड होणे, मान किंचित झुकणे, बोलण्याआधीचा क्षणभराचा थांबा, हे नटालाच करावे लागते. संतापाच्या प्रसंगातही ते आवाज फारसा चढवत नाहीत. नेत्यांवरच्या अलीकडच्या चरित्रपटांत दर दहा मिनिटांनी टाळ्यांचे वाक्य येते; इथला संयम म्हणूनच डोळ्यांत भरतो. रमाबाईंच्या भूमिकेतील सोनाली कुलकर्णी यांच्यासोबतचे प्रसंग तर पुन्हा पाहावेत असे.

गंमत म्हणजे, अडूर गोपालकृष्णन यांच्या ‘विधेयन’मध्ये याच मामुट्टींनी माणसाला गुलाम करणारा क्रूर जमीनदार रंगवला होता. त्याही वर्षी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता.

दाद मिळाली का?

पुरस्काराची मिळाली. १९९८साठीचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मामुट्टी आणि ‘जख्म’साठी अजय देवगण यांना विभागून देण्यात आला. इंग्रजीतील सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि नितीन चंद्रकांत देसाई यांचे कलादिग्दर्शन हे सन्मानही याच चित्रपटाला.

प्रेक्षकांपर्यंतची वाट मात्र लांबली. मूळ चित्रपट इंग्रजीत, तोही सुमारे तीन तासांचा. ज्यांच्या लढ्याची ही गोष्ट, त्यांना तो आपल्या भाषेत मिळायला वेळ लागला. तमिळ आवृत्ती तर चित्रपटगृहात पोहोचली थेट २०१० मध्ये.