विमान उतरल्यानंतरचे दिवस

शनिवारी दुपारी न्यूयॉर्कहून निघालेला प्रवासी, थेट विमान मिळाल्यास, रविवारी दुपारी दिल्लीस उतरतो आणि सोमवारी सकाळी दहाच्या ठोक्यास कचेरीत हजर होतो, याचे आता कोणास नवल वाटत नाही. रजा अपुरी, तिकिटे महाग. तेव्हा रजेचा शेवटचा दिवससुद्धा परदेशी असलेल्या मुला-नातवंडांच्या सहवासात घालवावा, असा हिशेब बहुतेक कुटुंबे करतात. हिशेब कागदावर बरोबर जुळतो. मात्र त्यात प्रवाशाच्या देहाची गणना केलेली नसते.

बोटीच्या काळी ही अडचण नव्हती. मुंबईहून विलायतेस पोचावयास दोन-तीन आठवडे लागत. वाटेत बोटीवरील घड्याळे थोडी थोडी करून मागे सारली जात आणि सुमारे साडेपाच तासांचा फरक शरीराच्या ध्यानीही येत नसे. ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला गेले आणि आठवड्यांचा प्रवास दिवसावर आला. १९५८ साली अटलांटिकवरील मार्गांवर ‘इकॉनॉमी’ वर्ग सुरू झाला. आपल्यापैकी बहुतेकांचा विमानप्रवास घडतो तो याच वर्गातून.

या वर्गात आसनांच्या एका रांगेपासून पुढील रांगेपर्यंत साधारणतः ३१ इंचांचे अंतर असते. तेवढ्यात चौदा-पंधरा तास, मार्ग लांबल्यास त्याहूनही अधिक काळ बसावयाचे असते. विमान ३५,००० फुटांवरून जात असले तरी आतील हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवर असावा इतका ठेवलेला असतो. म्हणजे प्रवासी कळसूबाईच्या शिखराहून उंच जागी रात्र काढीत असतो. हवा अतिशय कोरडी असल्यामुळे घसा व डोळे सुकतात. दाब कमी, म्हणून पोटातील वायू प्रसरण पावतो, आणि निघताना लेकीने आग्रहाने वाढलेली मटकीची उसळ आठ हजार फुटांवर आपले अस्तित्व जाणवून देते.

ही झाली गैरसोय. खरी काळजी आहे ती पोटऱ्यांची. पायांतील रक्त हृदयाकडे परत चढविण्याचे काम पोटरीचे स्नायू आकुंचन पावून करीत असतात. माणूस तासन्‌तास निश्चल बसला की हा उपसा मंदावतो आणि क्वचित खोल नीलेत रक्ताची गुठळी होते. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार चार तासांहून दीर्घ प्रवासात हा धोका दुपटी-तिपटीने वाढतो. तरीही तो सुमारे सहा हजारांत एक एवढाच राहतो. तेव्हा भिण्याचे कारण नाही, पण बेफिकीर राहण्याचेही नाही. दर तासास टाचा व चवडे आळीपाळीने उचलावे, अधूनमधून मार्गिकेतून फेरी मारावी, पाणी पीत राहावे. शेजाऱ्यास उठविण्याच्या संकोचाने पाणीच न पिणारी वडीलधारी मंडळी पुष्कळ असतात. त्यांच्यासाठी मार्गिकेलगतचे आसन आधीच मागून घ्यावे. नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी, गर्भवतींनी आणि पूर्वी गुठळी झालेल्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर मात्रांच्या वेळा लिहूनच आणाव्या, कारण पूर्वेकडे येताना दिवस आखूड होतो. घरी आल्यावर, काही दिवसांनी का होईना, एकच पोटरी सुजली, दुखू लागली किंवा दम लागला, तर तो प्रवासाचा शीण समजून तेल चोळीत बसू नये. तत्काळ दवाखाना गाठावा.

आता कचेरीचा विचार. मेंदूत, डोळ्यांकडून येणाऱ्या मज्जातंतूंच्या छेदस्थानाच्या किंचित वर, शरीराचे मुख्य घड्याळ असते. पेशींतील अशा घड्याळांची यंत्रणा उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश व यंग या शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हे घड्याळ उजेडावर चालते आणि त्याचा स्वाभाविक दिवस चोवीस तासांहून किंचित मोठा असतो. म्हणून झोप लांबविणे त्यास सोपे, अलीकडे ओढणे कठीण. पश्चिमेस जाण्याहून पूर्वेस येणे जड जाते ते यामुळेच. घड्याळ सावरते ते दिवसाला सुमारे एक तास, आणि हिवाळ्यात न्यूयॉर्क व दिल्ली यांतील अंतर साडेदहा तासांचे! सोमवारी दुपारी अडीच वाजता, जेवण झाल्यावर, साहेब फाईल पुढे सरकवितात तेव्हा न्यूयॉर्कला पहाटेचे चार वाजलेले असतात. शरीराच्या लेखी ती गाढ झोपेची वेळ होय. चहाने डोळे उघडे राहतात. लक्ष राहीलच असे नाही. आमच्या व्यवसायातील माणसांनी त्या घटकेस मुद्रिते तपासू नयेत. ऱ्हस्व आणि दीर्घ सारखेच दिसू लागतात. मुद्रितातील चूक पुढच्या अंकी दुरुस्त होते. पण त्याच घटकेस कोणी मोटार हाकीत असतो, कोणी यंत्रापाशी उभा असतो, कोणी रुग्णास औषधाची मात्रा मोजून देत असतो. वरिष्ठांनी अशा माणसास पहिले दोन-तीन दिवस तसली कामे न देणे हा उपकार नव्हे. तेवढे तारतम्य त्यांच्या पदातच अपेक्षित आहे.

ज्यांच्या कामाची नोंद कोणत्याच हजेरीपटावर नसते त्यांचे काय? मुलीचे अथवा सुनेचे बाळंतपण उरकून सहा महिन्यांनी परतलेली आई दिल्लीहून रात्रीच्या गाडीने इंदूरला किंवा मुंबईहून बेळगावला पोचते, आणि दुसऱ्या सकाळी चुलीपाशी उभी असते. घर सहा महिने तिची वाट पाहत असते खरे. म्हणून तिने आल्याआल्या डबे घासावयास काढावे असे नाही. घरच्यांनी चार दिवसांचा स्वयंपाक आपसांत वाटून घ्यावा. तिने दिवसा अंगणात, गच्चीवर उजेडात वावरावे, दुपारी पडलीच तर अर्ध्या तासात तिला उठवावे, आणि रात्री अडीचला भूक लागून ती स्वयंपाकघरात आलीच, तर झाकून ठेवलेली पोळी-भाजी तिला सहज सापडेल अशी असावी.