मोटारीचा पिंवळा दिवा

घरांत कोणास ताप आला म्हणजे तो कशामुळें आला हें थर्मामीटर सांगत नाहीं. पारा वर चढला एवढेंच तो सांगतो. मोटार हांकणाऱ्याच्या समोर इंजिनाच्या आकृतीचा जो पिंवळा दिवा असतो, त्याचेंहि काम याहून निराळें नाहीं. तरी सुशिक्षित घरांतूनहि या दिव्याविषयीं बरेच गैरसमज आढळतात. आमच्याच घरीं, अष्टमीस, गेल्या श्रावणांत काय झालें तें सांगतों.

काकूंच्या डोळ्यांतील मोतीबिंदु काढण्यासाठीं पुण्याच्या डॉक्टरांनीं दिवस नेमून दिला होता. कोलाडवरून ताम्हिणी घाटानें पहांटेसच निघावयाचें होतें. आदल्या दिवशीं सकाळीं पुतण्या रोह्याचा बाजार करून परत आला, तो ओला चिंब आणि कावराबावरा. कुंडलिकेच्या पुलावर गाडी थरथरूं लागली आणि पिंवळा दिवा उघडझांप करूं लागला, असें त्यानें सांगितलें.

झालें! ओटीवर सभा भरली. तात्या म्हणाले, "तांबडा नाहीं ना? मग खुशाल चालवा." धाकट्या बंधूंनीं बॅटरीची तार सोडून पुन्हां जोडण्याचा उपाय सुचविला, त्यानें दिवा जातो, हा त्यांचा अनुभव. अनुभव खरा होता, पण त्याची किंमत आम्ही पूर्वीं एकदां मोजली होती. तेव्हां दिवा स्थिर जळत होता. तो असाच घालविला, पुनः लागला, पुनः घालविला. शेवटीं धुराच्या नळींतील उत्प्रेरक पेटी निकामी झाली, आणि नवी बसवितांना मुलाच्या वर्षाच्या फीइतके पैसे गेले.

या दिव्याचें मूळ मोटारींत नाहीं, हवेंत आहे. लॉस एंजेलिस शहरावर मोटारींच्या धुरानें दाट मळभ सांचूं लागलें, त्यांतून कॅलिफोर्नियानें कडक नियम केले, आणि धूर बिघडला कीं गाडीनेंच तसें सांगावें, अशी योजना १९८८ च्या सुमारास तेथें सक्तीची झाली. तिची सुधारलेली आवृत्ति १९९६ पासून सर्व अमेरिकेंत आली. आपल्याकडेहि ती टप्प्याटप्प्यानें आली. १ एप्रिल २०२० पासून तर पांचवी पायरी गाळून सहाव्या भारत मानकाचेच नियम लागू झाले. म्हणून गाडी बरी चालत असतांहि हा दिवा लागूं शकतो.

तात्यांचें म्हणणें अर्धें बरोबर होतें. तेलाच्या दाबाचा किंवा इंजिनाच्या उष्णतेचा तांबडा दिवा लागल्यास जागच्या जागीं थांबावें. पिंवळा स्थिर असेल तर बेतानें घरीं यावें व लवकर तपासणी करावी. परंतु तो उघडझांप करीत असेल तर गोष्ट वेगळी. अशा वेळीं एखाद्या सिलिंडरांतील पेट्रोल न जळतांच बाहेर पडतें व उत्प्रेरक पेटींत जाऊन पेटतें. आंतील मधाच्या पोळ्यासारखी चिनीमातीची जाळी त्या उष्णतेनें थोडक्या वेळांत वितळूं शकते. असें इंजिन ताम्हिणीच्या चढावर, भर पावसांत, काकूंना घेऊन न्यावयाचें?

गाडी जाग्यावरून न हलवितां रोह्याच्या एका कारागिरास घरीं बोलाविलें. सुकाणूच्या खालीं सोळा खिळ्यांची एक खोबण असते. तींत त्यानें लहानसें वाचनयंत्र बसविलें. उत्तर आलें, पी ०३०२. म्हणजे दुसऱ्या सिलिंडरांत ज्वलन चुकतें आहे. बंधु लगेच म्हणाले, "मग नवा प्लग घाला!" कारागीर हंसला. आंकडा जागा सांगतो, दोषी भाग सांगत नाहीं. पी ०१७१ हा आंकडा दिसला कीं, पेट्रोलाच्या मानानें हवा अधिक होते असा त्याचा अर्थ. लोक धुराच्या नळींतील महागडा प्राणवायुमापक बदलतात, आणि दोष पुष्कळदां हवेच्या रबरी नळीच्या चिरेंत निघतो.

त्यानें काय करावें? दुसऱ्या सिलिंडरावरील ठिणगीची कॉइल काढून तिसऱ्यावर घातली व तिसऱ्याची दुसऱ्यावर. जुना आंकडा पुसून इंजिन चालूं केलें. थरथर होतीच, मात्र आंकडा आतां पी ०३०३ असा आला. दोष कॉइलबरोबर सरकला होता! आंकडा दुसऱ्यावरच राहिला असता तर प्लग, मग पेट्रोलाची पिचकारी, आणि शेवटीं सिलिंडरांतील दाब, असा शोध करावा लागला असता. कॉइलच्या रबरी आवरणास केंसाएवढी चीर होती. तींत ओल शिरून ठिणगी भलतीकडे उडत होती. प्लगहि झिजलेले निघाले. प्लगची फट वाढली कीं कॉइलवर ताण पडतो, म्हणून चारीहि बदलावयाचे ठरलें.

नवी कॉइल पेणहून येईपर्यंत दिवेलागण झाली. काकू मात्र स्वस्थपणें दुसऱ्या दिवसाच्या पिशव्या भरीत होत्या. रात्रीं बंधूंनीं कोलाडपर्यंत जाऊन येऊन पाहिलें. दिवा लागला नाहीं. पहांटे निघून आम्ही वेळेवर पोंचलों.

दोन दिवसांनीं परततांना काकू पुढच्या आसनावर बसल्या व म्हणाल्या, "एवढा गोंधळ घालणारा दिवा तरी कोणता, पाहूं दे." किल्ली फिरविली कीं, इंजिन चालूं होण्यापूर्वीं तो क्षणभर लागतोच, जुनी गाडी घेतांना हें अवश्य पाहावें, कारण लबाड विक्रेते तो दिवाच काढून टाकतात. आमचा लागला. काकूंनीं हिरवी पट्टी वर करून तो न्याहाळला.

"एवढासाच?" त्या म्हणाल्या. तोंवर इंजिन चालूं होऊन तो मावळलाहि होता.