हॉर्न वाढवला, पण कोणासाठी?

नवा पिकअप दारात आला की महिन्याभरात त्याच्यावर काही कामं ठरलेली असतात. ताडपत्रीचा सांगाडा, मागे जादा पाटे, कॅबिनवर दिव्यांची पट्टी आणि बोनेटच्या आत किंवा टपावर एक प्रेशर हॉर्न. शेवटच्या खर्चाचं कारण मालकाला विचारलं तर उत्तर तयार असतं: कंपनीचा हॉर्न कुणाला ऐकूच जात नाही. तक्रार खोटी नाही. नारायणगावच्या बाजारातून टोमॅटोचे क्रेट भरून निघालेली गाडी माळशेज उतरून, मुरबाड-कल्याण मागे टाकून वेळेत वाशीला पोचवायची असते. वाटेत पुढचा ट्रक साइड देत नाही, कंटेनरवाल्याच्या काचा बंद असतात, आणि कंपनीने बसवलेला हॉर्न अनेकदा एकुलता एक, चपट्या डबीसारखा असतो. म्हणून आवाज वाढवायचा. पण वाढलेला आवाज नेमका कुणाच्या कानात किती वाढतो, हा हिशेब दुकानात कुणी मांडत नाही. तो मांडला तर दिसतं असं की ज्याला सावध करायचं त्याच्यापर्यंत या वाढीचा थोडाच भाग पोचतो आणि ज्याचा काही संबंध नाही त्याच्या कानावर ती सगळीच्या सगळी आदळते.

आधी यंत्र पाहू. कंपनीच्या हॉर्नमध्ये विद्युतचुंबक पातळ पत्र्याचा पडदा सेकंदाला काहीशे वेळा ओढतो आणि सोडतो. प्रेशर हॉर्नमध्ये हे काम दाबाखालची हवा करते. हवा सुटताना पडदा थरथरतो आणि पुढचा कर्णा ती थरथर बाहेरच्या हवेला जोमाने देतो. कर्णा लांब असेल तर सूर खर्जातला, आखूड असेल तर वरच्या पट्टीतला. मोठ्या ट्रक-बसला ब्रेकसाठी हवेची टाकी असतेच, त्यामुळे हॉर्नची नळी तिथूनच काढता येते (सांधा गळका निघाला तर ती गळती ब्रेकच्या हवेतून होते, हे मात्र विसरलं जातं). पिकअपचे ब्रेक तेलावर चालतात, त्याच्याकडे हवा नसते. म्हणून वेगळा विजेवरचा कंप्रेसर बसवावा लागतो. तो साध्या हॉर्नपेक्षा बराच जास्त करंट खातो. मूळची बारीक वायर तशीच ठेवून फक्त मोठा फ्यूज घातला, तर वायर तापते, तिचं आवरण वितळतं, आणि फ्यूज मात्र शाबूत राहतो. टाकी नसलेल्या स्वस्त संचात आणखी एक गंमत आहे. बटण दाबल्यावर हवेचा दाब तयार व्हायला क्षणभर जातो आणि तेवढा वेळ हॉर्न गप्प असतो. ताशी ८० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला २२ मीटर पुढे सरकते, तेव्हा असा क्षणभर स्वस्त नसतो.

आता आवाज. डेसिबलचं मोजमाप सरळ बेरजेचं नाही. दहा डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची ऊर्जा दसपट होते आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबल कमी होतात. म्हणून किती अंतरावर मोजलं हे सांगितल्याशिवाय डेसिबलच्या आकड्याला अर्थ नसतो, आणि संचाच्या खोक्यावर ठळक छापलेल्या १५० डेसिबलच्या खाली बहुतेक वेळा नेमकं तेच लिहिलेलं नसतं. अमेरिकेच्या नियमांप्रमाणे रेल्वे इंजिनाचा भोंगा समोर १०० फुटांवर ९६ ते ११० डेसिबल भरला पाहिजे. खोक्यावरचे १५० एक मीटरवरचे धरले तरी त्याच १०० फुटांवर, म्हणजे तीस मीटरांवर, ते १२० उरतात. नारळाएवढा कंप्रेसर इंजिनाच्या कमाल मर्यादेपेक्षा दहा डेसिबल जास्त ओरडतो यावर ज्याला विश्वास ठेवायचा त्याने ठेवावा. खोक्यावरचा आकडा सोडून देऊन माफक गृहीत धरू. मूळ हॉर्न सात मीटरवर १०५ डेसिबलचा आणि नवा ११५ चा.

समोर तीस मीटरवर काचा बंद केलेली मोटार आहे. तिच्यापाशी मूळ हॉर्नचे साधारण ९२ आणि नव्याचे १०२ डेसिबल पोचतात. बंद काचा, दारांची रबरं आणि पत्रा मिळून त्यातले पंचवीस-तीस खाऊन टाकतात. म्हणजे आतल्या माणसाच्या कानाशी ६५ च्या आसपास आवाज पोचत होता, तो आता ७५ झाला. आत एसीचा पंखा, टायरची घरघर आणि गाणी आधीपासून त्याच पट्टीत चालू असतात. फरक पडला, नाकारण्यात अर्थ नाही. आधी जो आवाज गाण्याखाली दबत होता तो आता गाण्याच्या बरोबरीने ऐकू येईल. आता तोच हॉर्न शेजारून तीन मीटरवर चाललेल्या दुचाकीवाल्याच्या बाजूने ऐका. त्याला काच नाही, पत्रा नाही, फार तर हेल्मेट. त्याच्यापाशी मूळ हॉर्नचे ११२ पोचत होते, आता १२२, म्हणजे जिथे कान दुखायला लागतात त्या पट्टीत. आणि तो दचकला की हँडल हलतं. रस्त्याच्या कडेचा भाजीवाला, शाळेतून परतणारी मुलं, गुरं घेऊन चाललेला गुराखी, सगळे याच बाजूला. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या, ‘नायोश’च्या, मोजपट्टीत ८५ डेसिबल आठ तास सुरक्षित मानतात आणि दर तीन डेसिबलमागे वेळ निम्मा करतात. ११५ डेसिबलला दिवसभराच्या वाट्याला अर्धं मिनिटही येत नाही. चालकाला बोनेटचा पत्रा आणि काच थोडा आडोसा देतात, पण काच खाली करून दिवसभर हॉर्न वाजवणाऱ्याच्या कानांचा हिशेबही यातच येतो.

यावर पहिला आक्षेप घाटाचा. वळणापलीकडे काही दिसत नाही, आवाज हेच एक साधन, आणि रस्त्यावरची पाटीच हॉर्न वाजवा म्हणते. बरोबर. पण घाटात गाड्या ताशी तीसने चालतात. दोन्ही बाजूंनी तीस धरले तरी गाड्या एकमेकींकडे सेकंदाला १७ मीटरने येतात, आणि दोघांनाही सावध होऊन थांबायला पन्नास-साठ मीटर पुरतात. धडधाकट अवस्थेतला मूळ हॉर्न तिथवर पोचतो. वळणाला कडा आड येतो तेव्हा उपयोग असतो तो खालच्या सुराचा, कारण तो कडेवरून जास्त वळतो. नुसता आवाज वाढवून हा गुण येत नाही. मोकळ्या हायवेवर मात्र आक्षेप जास्त वजनदार आहे. तिथे दहा डेसिबल वाढवले की ऐकू येण्याचं अंतर तत्त्वतः तिप्पट होतं. पण रुग्णवाहिकांच्या सायरनवर अमेरिकेत झालेल्या अभ्यासांत पुन्हापुन्हा हेच निघालं आहे की चौकात, बंद गाडीतल्या चालकासाठी, सायरनचा प्रभावी पल्ला समजतो त्याहून फारच तोकडा असतो. सायरनची ही गत, तर हॉर्नचा भरवसा किती धरायचा? शिवाय ब्रेकसाठी लागणारं अंतर हॉर्न एक मीटरनेही कमी करत नाही. भरलेला पिकअप ८० च्या वेगाने असेल तर पाय ब्रेकवर जाईपर्यंतचे दोन सेकंद आणि मग थांबणं मिळून नव्वद मीटरच्या आसपास लागतातच.

दुसरा आक्षेप सर्वांचा लाडका: बाकी सगळ्यांनी लावलेत, मग मीच का गप्प बसू? हाच युक्तिवाद मोठ्या हॉर्नचा फायदाही संपवतो. शेजारच्याने दहा डेसिबल वाढवले की आपले दहा त्या गोंगाटात विरघळतात, आणि कान अशा आवाजाकडे दुर्लक्ष करायला शिकतात. मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी जानेवारी २०२० च्या अखेरीस जगजाहीर केलेला ‘पनिशिंग सिग्नल’ विनाकारण हॉर्न वाजवण्याची सवय दाखवत होता: चौकातला गोंगाट ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू. लाल दिव्यावर हॉर्न वाजवून पुढे काय होणार हे वाजवणाऱ्यालाही माहीत असतं, तरी तो वाजवतो. एप्रिल २०१५ मध्ये राज्याच्या परिवहन विभागाने व्यावसायिक वाहनांच्या मागचं ‘हॉर्न ओके प्लीज’ बंद केलं, तेही या निष्कारण निमंत्रणामुळेच. पाटी बरीच गेली, हात तसाच राहिला.

कायदा थोडक्यात सांगता येतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला ११९ वा नियम एकामागून एक वेगवेगळे सूर काढणारा हॉर्न आणि कर्कश, दचकवणारं कोणतंही उपकरण गाडीवर लावू देत नाही. ध्वनिप्रदूषणाचे निकष मोडणारी गाडी चालवली, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, शिवाय परवाना तीन महिने जाऊ शकतो. विनाकारण किंवा सतत हॉर्न वाजवण्याला वेगळे हजार रुपये. आणि रात्री दहा ते सकाळी सहा वस्तीत अपवादात्मक गरजेशिवाय हॉर्न नको, हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ मध्येच बजावलं आहे. भाजीचे पिकअप नेमके याच वेळी वस्त्यांतून जातात. ऑक्टोबर २०२१ मध्ये नितीन गडकरींनी नाशिकला बासरी-तबल्याच्या सुरांच्या हॉर्नची कल्पना मांडली तेव्हा हसू आलं खरं, पण त्यांचं निदान चुकलेलं नव्हतं. त्रास सुराच्या टोचण्याचाही असतो.

राहते मूळ तक्रार, हॉर्न ऐकू जात नाही ही. तिचा उगम बहुतेक वेळा हॉर्नमध्ये नसून तारांमध्ये असतो. इंजिन चालू ठेवून कुणाला तरी बटण दाबायला सांगावं आणि हॉर्नच्या दोन टोकांवर मल्टिमीटर धरावा. बारा व्होल्ट किंवा वर दिसायला हवेत. दहा-साडेदहा दिसले तर अर्थिंगचा गंजलेला नट घासून घट्ट करावा, रिले नसेल तर बसवावा, बॅटरीतून फ्यूजसह वेगळी जाड वायर आणावी. जाळीमागे साचलेला चिखल काढावा, हॉर्नचं तोंड जमिनीकडे किंवा रेडिएटरकडे वळलेलं असेल तर पुढे करावं. एवढ्यावरही आवाज बारीक वाटला, तर एका डबीच्या जागी मानकाचा शिक्का असलेली वरच्या-खालच्या सुरांची जोडी लावावी. दोन सूर एकत्र वाजले की गोंगाटातून कान ते चटकन वेगळे काढतो, आणि पासिंगच्या वेळी ती जोडी उतरवून ठेवावी लागत नाही.